ऐकलं असेल तर नऊ दाबा

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

परत आर्वी. परत तेच. जिनिंगच्या ऑफिसातलं पॅनल बोंबलत होतं — झोन तीन, आग! आग कसली — धूर ओळखणाऱ्या डबीत कापसाची लव शिरलेली. फुंकर मारली, रीसेट दाबलं, चहा घेतला, परत वर्धा. एक बटण दाबायला येऊन-जाऊन शंभरावर किलोमीटर. बारा वर्षं फायर अलार्मच्या कामात काढली. कुणी विचारलं काय करता, तर खरं उत्तर — बटण दाबतो.

आता हे थांबणार. जिनिंगवाल्यांनी मोडेम मंजूर केला. पॅनलमध्ये सिमकार्डवालं यंत्र बसवायचं, की वर्ध्यात बसून मोबाइलवर पॅनल दिसणार, इथूनच रीसेट. आग लागली तर यंत्र स्वतः लोकांना फोन लावणार. शिवाय रोज सकाळी साडेसातला एक चाचणीचा फोन. आमचे साहेब म्हणाले, "आपलं पहिलंच आहे, तूच बसव." छाती फुगली. पुस्तिका घरी आणली. बायको, दीपमाला, बघत असेल तेव्हा वाचतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

यंत्रात इंग्रजी बोलणारी बाई होती. जिनिंगचा मॅनेजर धर्मेंद्र म्हणाला, "अश्वजितजी, ह्या बाईचं इथं कोणाले समजणार? मराठीत करा." म्हणून माझाच आवाज भरला.

"नमस्कार. मी अश्वजित बोलतो, आर्वीच्या जिनिंगमधून. ही रोजची चाचणी आहे. सगळं ठीक आहे. ऐकलं असेल तर नऊ दाबा. फोन आला नाही तर समजा गडबड आहे."

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. चाचणीच्या फोनाचं मर्म तेच — तो आला की काही नाही, न आला की धावायचं. अकरा वेळा भरला. अकराही वेळा "ठीक आहे" नंतर खोकला आला. अकरावा ठेवला.

दीपमालाने ऐकला. "बसस्टँडवर बोलतात तसं वाटून राह्यलं," म्हणाली. मग म्हणे, "घरी तं कोणाले एवढं विचारत नाई तुम्ही, सगळं ठीक आहे का म्हणून." बायकोला ऐकवायचंच नव्हतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बसवलं! पण कसं ते फक्त इथेच लिहीन.

यंत्र पॅनलच्या पेटीत घट्ट बसवलं. अँटेना पण आतच, नीट गुंडाळून, दिसायला सुबक. पेटी बंद केली — नेटवर्क गेलं. सिम बदललं, वायरी तपासल्या, कंपनीला फोन लावून त्यांच्यावर ओरडलो. पेटी उघडून फोन करत होतो तेव्हा नेटवर्क असायचं, बंद केली की गायब. दोन तास! शेवटी चौकीदार मोतीलाल दारातून म्हणाला, "भाऊ, दार उघडं असलं की चालते ते. बंद केलं की कोंडते." लोखंडाची पेटी आणि अँटेना आत. अँटेना बाहेर काढली. पाच मिनिटांत काम झालं. "मी तपासूनच बघत होतो," असं मी मोतीलालला म्हणालो. तो हो म्हणाला. चांगला माणूस आहे.

मग नंबर भरायचे. यंत्र एकामागून एक पाच जणांना लावतं, कुणी नऊ दाबला की थांबतं. जिनिंगवाल्यांनी चारच दिले — मालक, धर्मेंद्र, मोतीलाल, आमचं ऑफिस. पाचवा रकाना रिकामा सोडला तर यंत्र पुढेच जाईना. बाहेर अंधार पडायला लागला होता, हातात पेचकस, खिशातला मोबाइल काढायचा कंटाळा. पाठ असलेला नंबर टाकून दिला. मला जगात एकच नंबर पाठ आहे. वडनेरचा, मायचा. एप्रिलपासून लावलेला नाही, पण बोटांना कोण सांगणार.

सोमवारी बदलीन.

१० नोव्हेंबर, सोमवार

काहीतरी बदलायचं होतं. आठवलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज सकाळी मोबाइलवर हिरवी खूण! साडेसातला फोन, दोन-तीन मिनिटांत कुणीतरी नऊ दाबतो. एक दिवस चुकला नाही. साहेबांना म्हणालो, धर्मेंद्र मोठा शिस्तीचा माणूस आहे. साहेबांनी त्याला फोन करून शाबासकी दिली. त्याने घेतली.

१ डिसेंबर, सोमवार

धर्मेंद्र वर्ध्यात भेटला. मी म्हणालो, तुमचं सकाळचं काम एकदम टायमावर असतं. तो म्हणाला, "कायचं टायमावर? माहा फोन आठ दिवसांपासून दुरुस्तीले पडून हाय."

मग नऊ कोण दाबतो? ऑफिसात येऊन पुस्तिका उघडली — पहिल्यांदा, प्रामाणिकपणे. हिरव्या खुणेवर बोट दाबून धरलं की खालचा तपशील उघडतो. मालकाने उचलला नाही. धर्मेंद्रचा बंद. मोतीलालने कापला. ऑफिस — साडेसातला आमच्या ऑफिसात कोण असतं? आणि मग, नंबर पाच. नऊ दाबला.

काल नंबर पाच. परवा नंबर पाच. तेवीस दिवस.

माय.

खुर्चीत बसूनच राहिलो. आधी डोक्यात आलं ते काम. खरी आग लागली असती तर वडनेरची बाहत्तर वर्षांची बाई नऊ दाबून मोकळी, आणि यंत्र समाधानी! आगीच्या फोनांची यादी वेगळी असते, तिथून तिचा नंबर त्याच क्षणी काढला, माझा टाकला. रोजच्या चाचणीच्या यादीतूनही काढायला हवा होता. बोट नेलं होतं.

काढला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

एप्रिलचं कुठेच लिहिलं नव्हतं. बाबा गेल्यावर मायने वर्ध्याला आमच्याकडे यावं म्हणून मी वडनेरला गेलो होतो. तिला न विचारता तिच्या शेळ्यांना गिऱ्हाईकही बघून गेलो होतो, एवढा शहाणा. ती म्हणाली, "मी कोणाच्या घरी राहायले येत नाई." कोणाच्या! मला झोंबलं. मी म्हणालो, "मग मले फोनही करू नको." तिने केला नाही. मीही केला नाही. साडेसात महिने झाले.

आणि रोज सकाळी माझा आवाज तिला सांगतो, सगळं ठीक आहे.

दीपमाला म्हणाली, "लावा नं फोन." लावणार आहे.

३ डिसेंबर, बुधवार

फोन लावला नाही. दुपारी चारला मोबाइलवरून चाचणीचं बटण दाबलं, थेट नंबर पाचवर. सहा सेकंदांत नऊ.

पाच मिनिटांनी परत दाबलं. परत नऊ.

चाळीस वर्षांचा बाप्या. ऑफिसच्या संडासात उभा राहून.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात गेलो, दीपमाला आणि मी, पांढरे कपडे. वडनेरलाही आज सगळे विहारात असतात. साडेसातची खूण आलीच नाही, लाल झाली. विहाराबाहेर उभा राहून मोबाइल बघत होतो, दीपमाला डोळे मोठे करत होती. सव्वादहाला बटण दाबलं. चार सेकंदांत नऊ. तेव्हा कुठे चहा गोड लागला.

दुपारी चारचाही झाला. आता रोजच होतो.

१० डिसेंबर, बुधवार

साहेबांनी बोलावलं. विमा कंपनीचा माणूस शुक्रवारी जिनिंगला येणार, यादी बघणार. "हा पाचवा कोण? आणि रोज दुपारी चारला कसली चाचणी करतो तू?" मी म्हणालो, नेटवर्क तपासतो. साहेब म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत यादी साफ पाहिजे. पाचव्यावर त्यांच्या मुनीमजीचा नंबर टाक."

११ डिसेंबर, गुरुवार

काढला. चारचा फोनही केला नाही. वाटलं, आता सकाळी लावीन, माणसासारखा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी लावला नाही. विम्याच्या कामाची गडबड — ही सबब दीपमालालाही पटली नाही. साडेसातच्या चाचणीला कुणीच नऊ दाबला नाही. मुनीमजीनेही नाही. विम्यावाला यायच्या दिवशीच मोबाइलवर लाल खूण.

एक वाजता मोतीलालचा फोन. "भाऊ, गेटवर एक म्हातारी बाई आली. अश्वजित कुठं हाय म्हणते, आग लागली का म्हणते. मी म्हटलं नाई लागली, तं ऐकतच नाई."

गाडी कशी हाणली मला माहीत नाही. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, तिथून आर्वी — तीन एसट्या बदलून माय आली होती. वर्ध्याला माझ्या दारावरून गेली, आणि आत आली नाही. मी पोचलो तर मोतीलालच्या खुर्चीत बसून त्याच्याच डब्यातली भाकर खात होती. तो बाजूला उभा. कापसाजवळ बिडी ओढतो म्हणून त्याला झापून झालं होतं. विम्यावाल्याने ते ऐकलं आणि वहीत काहीतरी चांगलं लिहिलं म्हणे.

मला वरून खालपर्यंत पाहिलं. "जित्ता हाय तं."

"माय, तू इथं कशी?"

"फोन नाई आला. काल चारचा नाई, आज सकाळचा नाई. तूच म्हणे, फोन आला नाही तर समजा गडबड आहे."

"अवं, ते यंत्र आहे. आवाज भरून ठेवलेला आहे."

"मले काय समजत नाई का? माणूस रोज एकाच जागी खोकलते?"

"मग नऊ कायले दाबत होती?"

"तू म्हणे नं दाबा."

"मग मले फोन काऊन नाई केला?"

"फोन करू नको म्हटलं होतं तू," ती म्हणाली. "नऊ दाबू नको, असं नाई म्हटलं."

मोतीलाल उगाच गेट उघडायला गेला. गेट उघडंच होतं.

भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून माय म्हणाली, "सकाळचा यंत्राचा हाय, मले मालूम होतं. दुपारचा तुहा होता."

१३ डिसेंबर, शनिवार

रात्री आमच्याकडे राहिली. "एक रात" असं तीनदा सांगून. दीपमालाशी बारापर्यंत गप्पा, माझ्याशी शेळ्यांची तब्येत. सकाळी हिंगणघाटच्या गाडीत बसवून दिलं.

मी चुकलो होतो. शेळ्यांबाबत, घराबाबत, आणि त्या एका वाक्याबाबत तर फारच. तिची आठवण येत होती, रोज. हे सगळं इथे लिहितो, कारण तिला म्हणालो नाही. खिडकीशी उभा राहून तिला म्हणालो, "डबा घेतला का?"

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी बरोबर साडेसातला माझा मोबाइल वाजला. वडनेर.

"मी मीराबाई बोलतो, वडनेरवरून. ही रोजची चाचणी हाय. सगळं ठीक हाय." मग खोकली, मुद्दाम. "ऐकलं असंल तं नऊ दाब."

दाबला.

"हं, आलं ऐकू," ती म्हणाली.