मागचं दाखवणारा आरसा

थळ
१२ नोव्हेंबर २०२५

ती. बाळाराममामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगितलं की आमच्या शाळेच्या अख्ख्या शिक्षकखोलीला कळतं. म्हणून हे पत्र. बातमी अशी, की मी सायकल घेतली! हायब्रिड म्हणतात तिला. शर्यतीच्या सायकलीसारखी हलकी, पण टायर जरा रुंद आणि हँडल सरळ, त्यामुळे शाळेच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतही कंबर शाबूत राहते. रंग मोरपंखी. रिक्षाची वाट बघणं एकदाचं संपलं.

पण अलिबागच्या सायकलवाल्या अल्पेशने नुसती सायकलच हातात ठेवली. स्टँड वेगळा, घंटी वेगळी, मडगार्डसुद्धा वेगळं! हेल्मेट, घंटी आणि मागचा लाल दिवा मी लगेच घेतला. बाकी काय घ्यावं, ते अठ्ठावीस वर्षं थळच्या कारखान्यात सायकलने पाळीला गेलेल्या माणसालाच विचारावं म्हटलं. कॅरियर मात्र सांगू नका, सायकलचं रूप जातं.

नाताळला जोडून रजा काढून मी सायकलनेच दिवेआगरला येणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तुमची सायकल अजून कुलपातच आहे का? मामीकडे चावी मागू का मी?

तुमचा लोभ आहेच. सल्लाही तितक्याच सढळ हाताने पाठवावा.

तुमची भाची,
प्रणाली

दिवेआगर
१९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सायकलचं वाचून जीव हरखला. आधी स्टँड लाव, नाहीतर जाशील तिथे टेकवायला खांब शोधत फिरशील. मग मडगार्ड. ते नसलं, तर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन फळ्याकडे वळशील आणि मुलं वर्षभर हसतील. आणि कॅरियर लावच. रूप घेऊन काय करायचंय? इथून रिकाम्या हाताने परत जाणार आहेस का? वादळानंतर लावलेल्या ठेंगण्या माडांना यंदा पहिले नारळ धरलेत. साखळीला आपलं घरचं खोबरेल लाव. खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही.

चावीचं मात्र काढू नकोस. बोर्लीच्या रस्त्यावर मागून आलेल्या टेम्पोचा हॉर्न मला ऐकू आला नाही आणि मी गटारात पडलो, त्याला आता दोन वर्षं होतील. कानातलं यंत्र वाऱ्यात नुसतं सूं सूं करतं. तेव्हापासून चावी मामीच्या कमरेला. तिचं काही चुकत नाही. पण खरं सांगू? रोज सकाळी मी सायकल पुसतो, चाकांत हवा भरतो आणि परत येऊन बसतो. चालणं तब्येतीला चांगलं, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना सायकल येत नसावी.

जपून चालव. आमची माया तुझ्या मागच्या चाकावर बसलेली आहे.

तुझा,
बाळाराममामा

थळ
४ डिसेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

खोबरेलाबद्दल तुमचे आभार मानू की तुमच्याशी भांडू? साखळीला चांगलं चोपडलं आणि किनाऱ्यावर मिरवायला गेले. परत येईपर्यंत तेलावर वाळूचा असा थर बसला, की त्या करकर आवाजाने कुत्री मागे लागली. अल्पेशने साखळी धुऊन दिली, तिचं वेगळं तेल दिलं आणि हा उपाय कोणी सांगितला म्हणून विचारलं. मी तुमचं नाव फोडलं नाही. स्टँड आणि मडगार्ड लावलं. कॅरियरही लावलं, हसू नका.

खरी गोष्ट पुढेच आहे. अल्पेशने हँडलच्या उजव्या टोकाला आग्रहाने एक छोटा गोल आरसा बसवला होता. आठवडाभर त्याचा उपयोग एवढाच, की सातवीच्या मुली त्यात बघून वेण्या नीट करायच्या. परवा वारा इतका होता, की कानात दुसरं काही शिरतच नव्हतं. आरशात डंपर दिसला म्हणून मी कडेला झाले. तो अगदी शेजारी आला, तेव्हा कुठे मला त्याचा आवाज ऐकू आला. मामा, तेवढा वेळ माझे कान तुमच्याइतकेच होते. मी तिथूनच सायकल वळवली आणि दुकानात जाऊन तुमच्यासाठी दुसरा आरसा घेतला.

यापुढचं मामीला वाचून दाखवा. मामी, चावी लगेच देऊ नकोस, पण आरसा लावून मामांची एकदा परीक्षा तरी घे.

दोघांनीही लोभ ठेवावा, आणि मामीने तो जरा जास्त ठेवावा.

तुमची,
प्रणाली

दिवेआगर
११ डिसेंबर २०२५

चि. प्रणालीस आशीर्वाद.

मी सांगते हाय आन् तुझे मामा लिवतात. त्यांनी आपल्या पदरचं काय घालू नये म्हणून मागनं चष्मा लावून मी वाचणार हाय.

आरसा घेऊन ये. ते सायकल चालवतील, मी मागं उभी राहून बोटं दाखवीन. किती बोटं ते मान न वळवता सांगायचं. दहा येळा. एक जरी चुकलं तरी चावी समुद्रात. गटारातनं त्यांना वर काढलं तो दिवस मी इसरले न्हाय.

तुझ्या सायकलच्या सीटला मखमलीचं कवर शिवलंय, गोंडे लावून. नको म्हणायचं न्हाय. आन् आईला सांगितल्याबिगर निघू नको.

माया हाय म्हणून रागावते, येवढं ध्यानात ठेव.

तुझी मामी,
बायजा

दिवेआगर
४ जानेवारी २०२६

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नारळ आईला पोचले ना? दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या बोटीत ते गोंडे उडताना लोकांनी फुकटात करमणूक करून घेतली असेल. परीक्षेत मला दहापैकी दहा मिळाले, हे सगळ्या गावाला सांगून झालंय. अकराव्यांदा तिने नुसती मूठ दाखवली होती, तीही ओळखली. चावी देताना मामी हसली नाही, हे तू पाहिलंसच. तू गेल्यावर मात्र तिने माझ्या सायकलच्या सीटलाही गोंड्यांचं कवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा बोर्लीपर्यंत जाऊन आलो. मागून दोन टेम्पो आणि एक एसटी आली, तिन्ही मला आधी दिसली. पण सांगायचंय ते वेगळंच. वाडीच्या फाटकातून निघालो आणि आरशात पाहिलं, तर मामी. फाटकाला हात लावून उभी. वाटलं, मी काही विसरलो असेन. वळण येईपर्यंत ती हलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी विचारलं, की परीक्षा घेतलीस, आता भीती कसली? तर म्हणाली, भीती कुटली आलीय, थळला होतो तवापासून रोजच उभी राहते, तुमच्या पाठीला डोळे न्हाईत त्याला मी काय करू?

अठ्ठावीस वर्षं, प्रणाली. पहाटेच्या पाळीला, पावसात, आम्ही भांडलो होतो त्या दिवशीसुद्धा. आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वाईट वाटलं, पण त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. हल्ली वळणापर्यंत मी सायकल मुद्दाम हळू चालवतो आणि वळताना घंटी वाजवतो. मला ती ऐकू येत नाही. पण मामीला येते.

लोभ असाच पाठीशी उभा असू दे. आता तो मला दिसतो.

तुझा,
बाळाराममामा