कमलबाईंचं बटण

३ मार्च, शिरपूर
पुण्यातल्या मित्रांनी असा निरोप दिला, जणू मी काळ्या पाण्यावर निघालोय. इथं तर मजा आहे. पारसमल शेठचे केळी पिकवायचे चेंबर आहेत, त्यांच्या दारांचं आणि गॅसचं सॉफ्टवेअर आता माझ्या हवाली. शेठनी ही डायरी दिली, दुपारी शेवभाजी खाऊ घातली.
कारभार मात्र दिव्य. कोड कमिट केला, म्हणजे त्यातला बदल नोंदवला, की नवं बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आपोआप सुटायला हवं. इथं त्याचं बटण दाबतात कमलबाई, हमालांच्या मुकादम. आधी बाहेर आलेली माणसं मोजणार, ‘बठ्ठा उनात’, म्हणजे सगळे आले, असं पुटपुटणार, मग बटण. हसावं की रडावं कळेना.

५ मार्च
कारण कळलं. बिल्ड गेलं की दारं दहा मिनिटं बंद राहतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या जागेवरचा लीलाधर तीन नंबरच्या चेंबरात असाच अडकला आणि गुदमरून गेला. वाईट झालं. पण म्हणून मी जन्मभर एका बाईच्या बोटावर चालायचं? बटण काढून टाकलं. आता प्रत्येक कमिटला बिल्ड. कमलबाई म्हणाल्या, भाऊ, त्याला वाट मोकळी करून देऊ नका. अडाणीपणाला औषध नाही.

७ मार्च
सकाळपासून चार बिल्ड सुटली. मी एकही कमिट केलं नव्हतं. नाव लीलाधरचं, बदल शून्य. कुणीतरी चेष्टा करतंय, इथल्यांना तेवढीच अक्कल. त्याचं खातं उडवलं.

८ मार्च
पुन्हा तेच, लीलाधरच्या नावाने. दर तासाला. बटण परत लावलं तर कमलबाई जिंकल्या, ते होणे नाही. कमिट येतायत तीन नंबरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून. जेवणाच्या सुट्टीत जाऊन वायरच उपटतो.

१.११
आत आहे. वायर आधीच उपटलेली, तिच्यावर धूळ. स्क्रीन चालू.
दार लागलं. आतून कडी नाही. दहा मिनिटं, ठीक आहे.

१.२०
बिल्ड. लीलाधर. म्हणजे परत दहा.

१.३८
आणखी दोन. फोनला रेंज नाही. डोकं जड झालंय. भीती वाटते. बाईंचं ऐकायला हवं होतं.
दाराच्या काचेतून कमलबाई दिसतायत. बटण नसलं तरी माणसं मोजतायत. सहा हमाल आणि सातवा मी. मी नाही म्हटल्यावर शोधतील. काच बडवतोय —

चार — पाच — सहा —
सातव्यावरही बोट टेकवलं. मान हलवली. निघाल्या —
त्याच्या अंगावर माझं जॅकेट, खुर्चीवर टाकून आलेलं — इकडे बघतोय —

स्क्रीनवर नवं कमिट. या वेळी नाव माझं, आणि मी तर अजून