एक बोट झुकलेली भिंत

पिसा, इटली
जून १९४५

नसीमाले युसूफचा सलाम.

लढाई संपली. मी धडधाकट आहो, रडू नको. सुट्टीत आमच्या पलटणीनं रोम पाह्यलं, फ्लॉरेन्स पाह्यलं. रोमच्या कमानी चुन्याशिवाय उभ्या आहेत. तुझा खोकला गेला का?

आज इथला मिनार पाह्यला. सारा संगमरवराचा, अन् भरली बैलगाडी कलंडावी तसा कललेला. तरी दुनिया त्याले पाहाले येते, अन् बांधणाऱ्याले कोणी नावं ठेवत नाही.

माझी मशिदीची भिंत एकच बोट झुकली होती. तुझे अब्बा माझे उस्ताद, पण जुम्म्याच्या नमाजीनंतर साऱ्या देऊळघाट गावासमोर त्यांनी भिंतीची सरळाई पाहाचा ओळंबा माझ्या गळ्यात बांधला अन् मले उभं केलं. लोक हसले. तू दारातून पाहत होतीस. त्याच ओळंब्यानिशी मी भरतीले गेलो.

आज तोच ओळंबा मी मिनारापुढं धरला. आठ हात तरी झुकला आहे, नसीमा! सोबतचं मिनाराचं चित्र अब्बांच्या हातात दे, अन् त्यांचं तोंड कसं झालं ते मले लिही.

अम्मीले सलाम सांग. अब्बांले सलाम सांगू नको.

त्यांची नजर जाऊन राह्यली, असं तू लिहिलं. त्यांले बुलढाण्याच्या डाक्टरकडे घेऊन जा, उशीर करू नको. मीही पाची नमाजीत त्यांच्या डोळ्यांसाठी दुवा मागतो. घरी येऊन मी सुतासारखी सरळ भिंत बांधीन, तवा ती त्यांले दिसली पाहिजे. आंधळ्यापुढं बांधून माझं मन निवणार नाही.

तुझा,
युसूफ गवंडी