लाल कंधारीचे थेट प्रक्षेपण

मु. पो. लोहा, जि. नांदेड
रविवार, सकाळ

राजमान्य राजश्री महादेवप्पा व्याही, मुक्काम निलंगा, यांना लोह्याहून शिवशंकरचे शरणु शरणार्थ.

आपण सर्व मंडळी खुशाल असाल. विहीणबाई मल्लम्मांचा खोकला हटला का? आमची पुनम सून म्हणून नीट वागते ना? आणि आपला नवाब वैरण खातो ना? (लातूरच्या पशुप्रदर्शनाहून आल्यापासून त्याने पेंडीला तोंड लावले नाही, असे कानावर आले. बैलाने इतके मनाला लावून घेऊ नये. मालकाने तर मुळीच घेऊ नये.) हे सगळे फोनवरच विचारणार होतो, परंतु प्रदर्शनापासून आपला फोन नुसता वाजत राहतो आणि उचलत कोणी नाही. निलंग्याकडे नेटवर्क नसेल, असे मी तारामतीला सांगितले. ती हसली. म्हणून हे पत्र निलंग्याकडे निघालेल्या एसटीच्या कंडक्टरजवळ देत आहे. सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात काय आहे ते पुढे येईल, आधी पत्र वाचावे.

सध्या लोह्यात माझे नाव दोन कारणांनी घेतले जाते. पहिले कारण आमचा माणक्या, जो लाल कंधारी जातीचा वळू असून देवणी जातीच्या मुलखात, लातुरात जाऊन, सगळ्या गटांत मिळून पहिला आला. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण आपण तिथे हजर होता आणि दोराच्या कडेला खुर्चीवर उभे राहून, मोबाईल उंच धरून, माणक्यातली खोट पंचांना दिसावी म्हणून त्याची चाल टिपून घेत होता. "ह्याचं वशिंड डाव्या अंगाला कललंय बघा, खूर बी पसरट हाय," असे आपण इतक्या मोठ्याने सांगत होता की माणक्यानेसुद्धा एकदा कान वळवला. (त्याचे कान लांब आहेत, ती त्याची जातच आहे. आमचा वळू, त्यामुळे त्याने राग धरला नाही.) दुसरे कारण म्हणजे आपले चिरंजीव, आमचे जावईबापू सत्यमराव, यांनी दिवाळीला आणून दिलेली कॉम्प्युटरची पेटी. तालुक्यात अशी पेटी दुसऱ्या कोणाकडे नाही. असेल तर त्याने ती स्वतः चालवून दाखवावी, मी केव्हाही यायला तयार आहे.

पेटीचे काम असे, की छतावरच्या डिशच्या छत्रीची वायर तिच्या पाठीत खोचायची, टीव्हीवर कोणत्या वेळी काय लागणार याचे वेळापत्रक ती स्वतः इंटरनेटवरून आणते, आपण हव्या त्या कार्यक्रमावर बोट ठेवायचे, आणि वेळ झाली की ती रेकॉर्डिंग करून ठेवते, मग घरी कोणी असो नसो. जावईबापूंनी सगळे जोडून दिले, एकदा दाखवले आणि लातूरला ड्यूटीवर गेले. ते गेले आणि पेटी बिघडली. (यात जावईबापूंचा काहीएक दोष नाही. हे वाक्य मी मधूनमधून लिहिणार आहे, ते दरवेळी खरे समजावे.) जावयाला परत बोलावून कामाला लावायचे, हे आमच्या घराण्यात बसत नाही. मी चष्मा पुसला आणि स्वतःच बसलो.

प्रथम चित्रच येईना. पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरे. मी पेटीचे झाकण काढले, आतली धूळ फुंकली, कार्ड काढून परत बसवले, वायर बदलली, वायरला जोडायची पिन बदलली. शेवटी छतावर गेलो तेव्हा दिसले की छत्रीत तारामतीने कुरडया वाळत घातल्या आहेत. तिचे म्हणणे, ऊन तिथेच चांगले लागते आणि कावळा तिथे बसत नाही, तो घसरतो. कुरडया हलवल्या आणि चित्र आले. पण आवाज नव्हता. बायका तोंड हलवत होत्या आणि घरात शांतता होती. (तारामती म्हणाली, अशीच मालिका बरी.) मी हात टेकले नाहीत. पेटीला आवाज बाहेर टाकायच्या वाटा एकाहून जास्त असतात आणि ती भलत्याच वाटेने आवाज टाकत बसली होती, हा शोध मी कोणालाही न विचारता लावला. त्या दिवशी मी दोन वाट्या जास्त आमटी प्यालो.

तरीही शेतीचा कार्यक्रम लावला की सासू-सुनेची मालिका रेकॉर्ड व्हायची. वेळापत्रक बरोबर, बोट बरोबर, आणि निघायचे भलतेच. बारकाईने पाहिले तेव्हा समजले की पेटी स्वतःला इंग्लंडात समजत होती. लोह्यात जेवायची वेळ झाली की तिच्याकडे नुकतीच सकाळची कामे आवरायची. (जावईबापूंचा दोष नाही, पेटी तशीच येते.) घड्याळ कोणत्या गावचे ठेवायचे याची तिच्यात भली लांब यादी आहे. मी लोहा शोधले, नाही. नांदेड नाही, लातूर नाही, मुंबईसुद्धा नाही. आपल्या सगळ्यांसाठी मिळून एकच गाव, कलकत्ता. आमचे आजोबा हैदराबादच्या हुकमाने चालले, आम्ही मुंबईच्या चालतो, आणि आता शेतीच्या कार्यक्रमासाठी कलकत्त्याची वेळ लावायची. मान खाली घालून लावली, आणि काम फत्ते झाले.

पुढे पेटी भरली. एका कार्यक्रमावर मी 'नेहमीसाठी' असे बटण दाबले होते, तर ती शेळीपालन इतके साठवून बसली की माणक्याच्या प्रदर्शनाला जागाच उरली नाही. जागा करायची कशी म्हणून शोधत गेलो आणि मला या सॉफ्टवेअरची सगळ्यात हुशार गोष्ट सापडली, जी खुद्द जावईबापूंनाही ठाऊक नव्हती. ते जाहिराती आपणहून ओळखते आणि कापते. वाहिनीचे चिन्ह कोपऱ्यातून गेले, आवाज एकदम चढला, की ते समजते जाहिरात आली, आणि तेवढा तुकडा काढून टाकते. त्याच्याच खाली आणखी एक खूण करायची सोय होती, कापून झाल्यावर मूळ प्रत पुसून टाकण्याची. मी तीही खूण केली. चाचणी घेतली तर केळीच्या लागवडीतून साबण, दंतमंजन, सगळे साफ गेले आणि नुसती केळी राहिली. शेजारचे मकबूलभाई, ज्यांचे बसस्टँडसमोर बॅटरी-इन्व्हर्टरचे दुकान आहे, ते पाहायला आले होते. "शिवशंकरराव, लई मोठं काम करून राहिले तुम्ही," म्हणाले. मला ते पटले.

आता प्रदर्शनाच्या दिवसाकडे येतो. आपल्याला माहीतच आहे की माणक्याची आई तो लहान असतानाच गेली आणि तारामतीने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. तिलाच खरे लातूरला यायचे होते. पण तिचे गुडघे टेम्पोत चढू देत नाहीत. म्हणून ठरले की शेतीच्या वाहिनीवर प्रदर्शन थेट दाखवणार आहेत, ते तिने घरी बसून पाहावे, पेटीने रेकॉर्ड करावे, आणि आम्ही परतल्यावर सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहावे. लाईट गेली तर काय, याचाही मी विचार केला होता. मकबूलभाईंनी पेटीला इन्व्हर्टर जोडून दिला. टीव्हीला जोडायचा का, म्हणून मी विचारले. ते म्हणाले, "कशाला? मशीन बघून राहिली ना, मग माणसानं बघायची काय गरज हाय?" मलाही ते शास्त्रशुद्ध वाटले.

तिकडे मी रिंगणात माणक्याचा कासरा धरून उभा, आणि इकडे लोह्याची लाईट गेली. अख्ख्या गावाची गेली. टीव्ही बंद, पेटी चालू. तारामतीने पेटीला हळदकुंकू वाहिले आणि तिच्या हिरव्या दिव्यासमोर प्रदर्शन संपेपर्यंत बसून राहिली. आत माणक्या चालून राहिलाय, एवढे तिला माहीत होते.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. पंचांनी नंबर पुकारला, कोणीतरी मला फेटा बांधला, हार घातला, आणि माझ्या हातून कासरा सुटता सुटता राहिला. परत आलो (फेटा टेम्पोच्या वाऱ्याने वाटेतच सुटला होता) तर हलगी लावून वेशीपासून मिरवणूक निघाली. माणक्याला ओवाळले, आणि सगळे गाव आमच्या अंगणात खुर्च्या, सतरंज्या घेऊन बसले. लाईटही आली होती. मी पेटीसमोर उभा राहून थोडे बोललो (थोडेच, मकबूलभाई जास्त सांगतील) आणि बटण दाबले.

महादेवप्पा, रेकॉर्डिंग काय सुंदर झाले होते. पाहुण्यांची भाषणे लाऊडस्पीकरच्या आवाजामुळे जाहिरात समजून आधीच गेली होती, त्यावर टाळ्या पडल्या. मग देवणी गट आला. आपला नवाब आला. पांढरे अंग, काळे तोंड, डुलत डुलत चालला, निवेदक देवणीचे गुण सांगतो आहे, नवाबच्या गळ्यात गटातल्या पहिल्या नंबरचा हार पडतो आहे, शेजारी आपण मिशीवरून हात फिरवता आहात. एक क्षण कापलेला नाही. आणि त्यानंतर एकदम रिकामे रिंगण, आभार, समाप्त. माझ्या अंगणात, माझ्या गावाने, माझ्या पेटीवर आपल्या बैलाला जिंकताना पाहिले. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने टाळीही वाजवली.

खोलात गेल्यावर कारण सापडले. लाल कंधारी गट सुरू झाला तेव्हा वाहिनीने कोपऱ्यातले चिन्ह झाकून एका पशुखाद्याची रंगीत पट्टी सोडली आणि ती सगळ्या गटांतला पहिला निवडेपर्यंत ठेवली. त्यात आमच्या मंडळींची हलगी वाजत होती. चिन्ह नाही, आवाज चढलेला, आणि पडद्यावर तांबडाबुंद, तुकतुकीत वळू. पेटीने त्याला जाहिरात समजून कापले आणि मी सांगितल्याप्रमाणे मूळ प्रत पुसली. जावईबापूंचा दोष नाही. पेटीचाही नाही, असे मी सध्या सगळ्यांना समजावून सांगत आहे. इतका देखणा बैल खऱ्या प्रदर्शनात असेल यावर यंत्राचा विश्वास बसला नाही, तो त्याला जाहिरातीतला वाटला. हा मान आजवर कोणत्या बैलाला मिळाला आहे ते सांगावे. नवाबला पेटीने खरा बैल समजून ठेवला, यातच सगळे आले.

सगळे उठून गेल्यावर तारामतीने पदराने पेटीवरचे हळदकुंकू पुसले. मला फार वाईट वाटले, हे आपल्यापासून लपवत नाही. वाहिनीला फोन केला तर ते म्हणाले, थेट म्हणजे थेट, आम्ही साठवून ठेवत नाही. पेपरात फोटो आला, त्यात माणक्या पूर्ण आहे आणि वशिंडामागून माझ्या फेट्याचा तुरा तेवढा दिसतो. (वशिंड कुठेही कललेले नाही, कात्रण पाठवू शकतो.)

असो. नवाबचे रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवत आहे. सत्यमराव सुटीला आले की लावून देतील. आपल्या गावाला बोलावून दाखवा, त्यात कंजूसपणा करू नये. विहीणबाईंना नमस्कार, पुनमला आशीर्वाद, नवाबच्या पाठीवरून माझा म्हणून हात फिरवावा.

आपला,
शिवशंकर

ता. क. पेन ड्राइव्ह रिकामा करून परत पाठवला तरी चालेल. परंतु रिकामा पाठवण्यापेक्षा, आपल्या मोबाईलवर माणक्याची खोट टिपलेली जी काही चित्रफीत असेल ती त्यात घालून पाठवली, तर वाया जाणार नाही. पुनमला सांगून मागवता आली असती, पण सुनेला सासऱ्याच्या मोबाईलला हात लावायला लावणे शोभत नाही. वशिंडाबद्दल आपण जे बोललात ते काढू नये, तसेच असू द्यावे. मला त्याचे काही वाटणार नाही.

पुन्हा ता. क. थोडे वाटेल. पण पाठवावे.

आणखी थोडी जागा उरली म्हणून मी, तारामती, लिहिते. इवाईबुवा, ह्यांनी बैलाचंच सगळं लिहिलंय. बैल तर मी रोज बघते, त्याचं शेण मीच काढते. तुमच्या मोबाईलात बैलाच्या म्होरं कासरा धरून हे उभे असतील, तेवढं मला पाहिजे. ह्यांनी जन्मात दोनदा फेटा बांधला. पहिल्यांदा लग्नात, तवा मी मान खाली घालून बसले होते, वर बघायची सोय न्हवती. दुसऱ्यांदा बांधला तर लाईट गेली.