जबल सौदा: एक यशस्वी उतरण

२० जुलै १९९०, शुक्रवार. रियाध.
ठरलं. पुढच्या महिन्यात जबल सौदा चढायचा. सौदीतला सगळ्यात उंच डोंगर म्हणतात. अभा शहराजवळ. इथे रियाधमध्ये गाडीचं दार उघडताना हात भाजतो आणि तिथे म्हणे भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो, माथ्यावर रानफुलं फुलतात.
विषय काल अली परकारकडे जेवताना निघाला. अली खालच्या मजल्यावर राहतो, मूळचा रत्नागिरीचा, एसीचे सुटे भाग विकतो. तो आणि त्याची बायको बिलकिसभाभी दर उन्हाळ्यात तिथे जातात. मी सहज म्हणालो की कॉलेजात असताना सह्याद्रीतले यच्चयावत गड पालथे घातलेत. विभा म्हणाली, सिंहगड, आणि तोही जीपने. बायकोला नको तेवढा तपशील लक्षात राहतो.
मोहिमेचा लीडर मी. अलीने आनंदाने मान्यता दिली. बराच वेळ हसत होता.
संकल्प: उद्यापासून ऑफिसात लिफ्ट बंद. जिना.

२१ जुलै.
लिफ्टमध्ये बॉस उभे होते, दार धरून. नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. उद्यापासून.

२३ जुलै.
जिना चढलो. पहिल्या मजल्यावरच लक्षात आलं की चूक बुटांची आहे. नवे ट्रेकिंग शूज मागवले. ते येईपर्यंत पाय खराब करून घेण्यात अर्थ नाही, म्हणून लिफ्ट.

२८ जुलै.
ऑफिसातल्या एका इंग्रजाने आल्प्सचे फोटो दाखवले. निळी-जांभळी इवलीशी फुलं. अल्पाइन फ्लॉवर्स. घरी आल्यावर विभाला आणि आसावरीला त्यावर तासभर माहिती दिली. आसावरीचं वय अकरा. तिने विचारलं, "बाबा, हॅव यू सीन वन?" मी म्हणालो, बघणं ही फार वरवरची गोष्ट असते.

२ ऑगस्ट, गुरुवार.
बीबीसीवर बातमी. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. इथल्या पेपरात एक ओळ नाही. म्हणजे विशेष काही नसणार.
विभाला नीट समजावलं. दोन दिवस, मग खलास. ती भेंडी चिरत होती. चिरतच राहिली. फार घाबरली आहे. घाबरलेली माणसं अशीच हात कामात गुंतवतात.

५ ऑगस्ट.
अजून पेपरात नाही. अजून खलासही नाही. बाथरूमच्या खिडकीला चिकटपट्टी लावली. धूळ येते.

९ ऑगस्ट.
अमेरिकन सैन्य उतरलं. ऑफिसात निम्मे लोक विमानाच्या तिकिटांमागे. शेजारच्या टेबलावरचा सुमीत कुवेतमधल्या भावाला फोन लावून लावून थकला, लागत नाही. मी सगळ्यांना धीर दिला. आवाज कापत होता, पण तो एसीमुळे. तो माझ्या डोक्यावरच आहे.
विभाला विचारलं, तुला आणि आसावरीला पुण्याला पाठवू का? म्हणाली, कशाला? शाळा उघडेल, मुलं यायची आहेत. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. वरवर शांत आहे. तिच्यासाठी काहीतरी करायला हवं.
मोहीम लवकर घेतली. पुढच्याच आठवड्यात. अलीने विचारलं, एवढी घाई कशाला? मी सांगितलं, फुलं कोणासाठी थांबत नाहीत. अभा कुवेतपासून देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, हा निव्वळ भूगोल. त्यात माझा हात नाही.

१४ ऑगस्ट.
कफीलकडून, म्हणजे इथल्या स्पॉन्सरकडून, प्रवासाचं पत्र मिळालं. सॅक भरली. डिग्रीची सर्टिफिकेटं, विम्याचे कागद, विभाचे दागिने, आसावरीचा जन्मदाखला, तांदूळ, ट्रान्झिस्टर. विभाने विचारलं, डोंगरावर बी.कॉम.चं सर्टिफिकेट कोणाला दाखवणार? गिर्यारोहणात प्रत्येक शक्यतेचा विचार करावा लागतो, असं म्हणालो. तिने तांदूळ काढून त्याजागी थेपले भरले.

१६ ऑगस्ट, गुरुवार. अभा.
पोचलो. अलीच्या जीएमसी गाडीतून, दिवसभर. हवा थंडगार. इथल्या रस्त्यावर कोणाच्या चेहऱ्यावर युद्ध नाही. भूक परत आली. दोन वेळा कब्सा, म्हणजे इथला मटण-भात, घेतला.
अली सांगत होता की माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण बिलकिसभाभींना जंगलातून चालत जायला आवडतं. मी म्हणालो, मलाही. हे जरा घाईत झालं.

१७ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळ. पायथा.
गाडी खालच्या वळणावर लावली. किल्ली मी माझ्याकडे घेतली. किल्ली लीडरकडे असावी. अलीने दिली.
वातावरण स्वच्छ. शूज अजून थोडे चावतात. निघतो.

थोड्या वेळाने.
विश्रांती. मी सुचवली नव्हती, माझ्या छातीने सुचवली. वाटेत जांभळं फूल दिसलं. सगळ्यांना थांबवून सांगितलं की ही दुर्मिळ अल्पाइन जात आहे, आल्प्सनंतर थेट इथेच. आसावरीने वास घेतला आणि म्हणाली, आपल्या साबणासारखा येतो. लव्हेंडर निघालं. असो. लव्हेंडरही काही कमी दुर्मिळ नाही. पुढे सगळ्या उतारावर तेच होतं.

नंतर. जुनिपरच्या झाडाखाली.
मी इथे थांबलोय. बाकीचे माथ्यावर गेले. बातम्यांची वेळ झाली होती आणि ट्रान्झिस्टर इथेच नीट लागतो, उंचीमुळे. ग्रुपमधल्या कोणीतरी जगाशी संपर्क ठेवायला हवा. विभा म्हणाली, आम्ही परत येईपर्यंत इथून हलू नका, पुढे कडा आहे. अली म्हणाला, "विवेकराव, भिऊ नका, आम्ही आलोच." भिण्याचा विषय कुठून आला कळलं नाही.
धुकं येतंय. झाड दिसतं, झाडामागचं काही दिसत नाही. टोपी उडाली. आणायला गेलो नाही, कडा त्याच बाजूला.

दुपार. गाडीत.
घाईत लिहितोय. विमान. अगदी डोक्यावरून. आधी आवाज नाही, मग एकदम आभाळ फाटल्यासारखा. धुक्यात दिसलं काहीच नाही, पण इतक्या खालून येतं म्हणजे हेतू स्पष्ट आहे. पुन्हा एक आलं. अशा वेळी लीडरने डोकं शांत ठेवून वाहन ताब्यात घ्यायचं असतं, म्हणजे बाकीचे आले की लगेच निघता येईल. म्हणून खाली आलो. वाट सोडून, सरळ. पँट फाटली. सॅक सुखरूप.
गारा पडतायत. टपावर प्रचंड आवाज. काचा वर, दारं लॉक. रेडिओ मोठा केलाय. रेडिओवर अभाचं नावही नाही. दडवत असणार.

संध्याकाळ. हॉटेल.
हल्ला झाला नव्हता. जवळच खमीसला हवाई तळ आहे, विमानं रोज उडतात. अलीने काल जेवताना सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा कब्सा खात होतो.
बाकी मोहीम उत्तम. चौघंही माथ्यावर पोचले. वर पिवळ्या फुलांचे गालिचे होते, खडकांच्या फटीत गुलाबी, असं भाभी सांगत होत्या. आसावरीने एकही तोडलं नाही, नुसती पालथी पडून बघत राहिली.
उतरताना त्यांना थोडा उशीर झाला. ते झाडापाशी आले तेव्हा मी नव्हतो. टोपी कड्याच्या अगदी टोकाला एका झुडपात अडकली होती. त्यावरून त्यांनी भलताच अर्थ काढला. अली कड्यावरून जमेल तितका खाली उतरला, हात सोलवटले. भाभी पदर डोक्यावर ओढून गारांमध्ये दुआ म्हणत बसल्या. विभा हाका मारत होती. बराच वेळ, असं आसावरी म्हणते.
मग मदत मागायला म्हणून ते खाली रस्त्यावर, गाडीपाशी आले. मी आत होतो. काच ठोकल्याचं मला कळलं नाही, रेडिओ मोठा होता आणि जरा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा काचेला आसावरीचे दोन्ही तळवे चिकटलेले दिसले. विभा तिच्या मागे उभी. भिजलेली, केसांत गारा.
मी दार उघडून म्हणालो, गाडी रेडी आहे.
 अली पुढे बसला, आणि त्याने माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली.

१८ ऑगस्ट. परतीचा प्रवास.
आसावरीने मध्येच विचारलं, "बाबा, व्हाय डिड यू लॉक इट?" मी तिला सुरक्षेचे नियम समजावून सांगितले. ती खिडकीबाहेर बघत होती.
विभाचा आवाज गेलाय. डोंगरातली थंड हवा. मी तिला स्वेटर घाल म्हणून सांगितलं होतं.

२१ ऑगस्ट.
विभाचा आवाज अजून नाही. मिठाच्या गुळण्या सुचवल्या. ऑफिसात सगळ्यांना जबल सौदाबद्दल सांगितलं. शिखर गाठलं का, असं कोणी थेट विचारलं नाही, म्हणून तो मुद्दा आला नाही.
खाली अली भेटला. हातांना पट्ट्या. मी म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा. तो म्हणाला, इन्शाल्ला. हा शब्द इथे 'हो' आणि 'नाही' अशा दोन्ही अर्थांनी वापरतात.

२६ ऑगस्ट.
ज्यांना भारतात जायचंय त्यांना कंपनी रजा देणार. मी विभाला समोर बसवलं. म्हणालो, तू किती घाबरली आहेस ते मला कळतं. इतके दिवस तू बोलली नाहीस, पण मी ओळखलंय. तू आणि आसावरी पुण्याला जा, माझी परवानगी आहे. मी इथे खंबीरपणे राहीन.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, मी नाही घाबरले. त्या दिवशी घाबरले होते. तुम्ही कड्यावरून पडलात असं वाटलं तेव्हा."
मी म्हणालो, पण मी तर सुरक्षित होतो.
ती म्हणाली, "हो. तेच तर." पुढे म्हणाली, "तुमचीच रजा मागा. आसावरीला मी सांभाळीन. दोघांना सांभाळायला जमणार नाही मला."
ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

३० ऑगस्ट.
रजा मंजूर. एकाची. बिलकिसभाभी आणि अली खालीच आहेत, त्यामुळे काळजी नाही. पुण्यात मोठी जबाबदारी आहे. आईच्या गुडघ्यांकडे कोणीतरी बघायलाच हवं होतं. पुष्कळ दिवस हे मनात होतं.

६ सप्टेंबर, गुरुवार. विमानात.
एअरपोर्टवर अलीने बॅग उचलून दिली. विभाचा आवाज आता बराच आलाय. पोचलात की फोन करा, म्हणाली. शाळा सुरू झालीय, वर्ग भरलेला आहे म्हणे, निम्मे पालक कुठेच गेले नाहीत. आसावरीने हात हलवला. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.
विमान गच्च भरलंय. सगळ्या बायका आणि मुलं. नवऱ्यांनी पाठवलेली. माझ्या एका बाजूला तान्हं बाळ, दुसऱ्या बाजूला जुळी. त्यांच्या आईने विचारलं, तुमच्या मिसेस मागे बसल्या आहेत का?
मी म्हणालो, रियाधला आहेत. त्यांना सुट्टी मिळाली नाही.
एअर होस्टेसनेही विचारलं, सर, फॅमिली? तिलाही तेच सांगितलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने जुळ्यांचे पट्टे लावले, आणि त्याच ओघात माझाही.
मला लावता येतो. पण लावू दिला.