तिसरं कोटेशन

३ मार्च
आजाराचं नाव मोयामोया. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होत चालल्यात. रक्ताने बारीक बारीक आडवाटा काढल्यात, पण त्या पुरायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मार्ग दोन. गोळ्यांवर सांभाळायचं, नाहीतर ऑपरेशन करून कानशिलाजवळची शीर मेंदूला जोडायची. त्यांचं मत ऑपरेशन. फार दिवस लावू नका म्हणाल्या. बाईंना माहीत नाही, मी बावीस वर्षं खरेदी विभागात आहे. रविवारी तुलना-तक्ता तयार.

८ मार्च, रविवार
तक्ता अर्धा. नियमाने तीन कोटेशनं लागतात, इथे दोनच. तिसरं म्हणून ‘थांबून बघणे’ घातलं. टाके शून्य, रजा शून्य. सध्या तेच आघाडीवर.

११ मार्च, सकाळी
चहावर फुंकर मारली आणि डावा हात पाच मिनिटं गेला. फुंकर मारू नका, त्याने मेंदूचं रक्त आणखी कमी होतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं म्हणे. बायकोला असलं बरोबर लक्षात राहतं. चहा फारच गरम होता.

१९ मार्च
‘धोका’ हा रकाना अडलाय. पक्षाघाताचा झटका ऑपरेशनमध्येही येऊ शकतो, न करताही येऊ शकतो. तिन्हींना समान गुण दिले. बायको म्हणाली, तुमच्या टेबलावर पंख्यांची फाइल पडून राहिली आणि उन्हाळा संपला. ते पंखे पुढच्या उन्हाळ्यात चालले, हे ती सोयीस्कर विसरते. मग विचारलं, भीती वाटते का. नाही म्हणालो. खरंच नाही वाटत. काहीच वाटत नाही.

२७ मार्च
शर्टाची बटणं लागेनात. नवीन शर्ट, काजं घट्ट. लेकीने लावून दिली. हॉस्पिटलचा फोन आला. मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगितलं. मीटिंग नव्हती. गुरुवारी तक्ता फायनल, काही झालं तरी.

४ एप्रिल, वॉर्ड, खाट सात
काल ऑफिसात पडलो म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही हात वर करा. केले. लेक तोंड फिरवून रडायला लागली. कशासाठी ते कळेना. मग डावीकडे बघितलं. हात चादरीवरच होता.

मेंदू सावरायला काही आठवडे द्यायचे, मग ऑपरेशन. हात कितपत परत येईल ते सांगता येत नाही. बायकोने फॉर्म भरून समोर धरला. आयुष्यात पहिल्यांदा कागद न वाचता सही केली. कुठे करायची, तेवढं विचारलं.