चार बोटं आखूड करदोटा

अहो,

सकाळच्या एस.टी.नं कोल्हारला आईकडं चालले, शुक्रवारी येते. भाकरी दुरडीत हाय, ताक शिंक्यावर.

नगरहून टॉनिकच्या आनखी सहा बाटल्या आनू नका. पोट टॉनिकनं उतरलं म्हनून गावभर सांगत फिरताय, पन त्या बाटलीत दिवाळीपासून ओव्याचा काढा हाय, मीच भरते. टॉनिकनं तुमाला रोज ढाळ व्हायची, म्हनून ते उकिरड्यावर ओतलं. पोट उतरलं ते मोजक्या भाकरीनं, ताकानं आन् मळ्यात पायी गेल्यानं.

थोरलं भाऊजी तुमच्यावानीच जाड अंगाचं, जेवता जेवता गेलं. तवापासून माझा डोळ्याला डोळा लागत न्हवता. आता लागतो.

रागावायचं तर रागवा. उशाखाली नवा करदोटा ठेवलाय. जुन्यापेक्षा चार बोटं आखूड घेतलाय, तरी सैलच व्हईल.

चांगुणा